मोजणी कोणत्या रस्त्याची?

निफाड तालुक्यातील एका ओसाड रेल्वे स्थानकाची छायाचित्रे काढल्याबद्दल गेल्या रविवारी मला माझ्याच फोनमधील छायाचित्रे एका अनोळखी वृद्ध गृहस्थांच्या देखरेखीखाली एकेक करून पुसावी लागली, आणि त्या प्रकाराचा राग अजून पुरता उतरलेला नाही. स्थानकाचे नाव मुद्दामच सांगत नाही, कारण नाव फुटले तर कोणी फोडले हे त्या गृहस्थांना बरोबर कळेल.

नाशिकरोडहून मनमाडकडे जाताना रुळांपासून जरा हटून ती काळ्या दगडांची इमारत दिसते. ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेने थळ घाट चढून १८६५ मध्ये इगतपुरी गाठली. सदतीस फुटांत एक फूट असा तो चढ चढवण्यासाठी कसाऱ्याला आजही गाडीच्या मागे जादा इंजिने जोडावी लागतात. एवढा उपद्व्याप करून वर आलेल्या मार्गावरील स्थानकात पाहण्यासारखे पुष्कळ काही असेल, अशी माझी समजूत होती. प्रत्यक्षात तिथे चार भिंती होत्या. छपरावर कौले नव्हती, तिकीट खिडकीच्या जागी नुसते चौकोनी भोक होते, फलाटावरील बाक उखडून नेल्याच्या खुणा होत्या आणि स्टेशनमास्तरांच्या खोलीत पिंपळ होता. मी भोकाचे छायाचित्र काढले आणि तेवढ्यात मागून प्रश्न आला.

"मोजणी कोणत्या रस्त्याची?"

वळून पाहिले तो पांढरी टोपी, हातात काठी आणि मागे शेळ्या. मी नम्रपणे सांगितले की मोजणी वगैरे काही नाही, जुने स्थानक पाहायला आलो आहे.

"पाहून काय करनार?"

"काही नाही, आबा. नुसतेच पाहणार."

याहून वाईट उत्तर मला सुचले नसते. नुसता पाहायला आलेला माणूस त्या शिवाराने पूर्वी कधी पाहिलेला नसावा. आबा दगडावर बसले, काठी माझ्या वाटेत आडवी धरली आणि हिशेब मांडू लागले. "समृद्धीवाले आले, ते बी नुसतेच पाहून गेले, मग सिन्नरकडं रस्ता झाला. सुरत-चेन्नईवाले आले, ते बी नुसतेच पाहत होते. ड्रायपोर्टवाले तर चहा पिऊन गेले. आता तुम्ही. एकरी काय देनार, ते आधी बोला."

मी सरकारी माणूस नाही, असे सांगितल्यावर त्यांनी मला एजंट ठरवले. एजंट नाही म्हटल्यावर पत्रकार ठरवले आणि पत्रकारही नाही म्हटल्यावर त्यांचा संशय पक्का झाला, कारण ज्याला काहीच पद नाही तो माणूस रविवारी दुपारी उन्हात पडक्या भिंतीपुढे उभा राहतो, याला त्यांच्या मते जमिनीखेरीज दुसरे कारणच संभवत नव्हते. नाशिकमध्ये घरी मलाही हाच प्रश्न विचारण्यात आला होता, हे मी त्यांना सांगितले नाही.

"रेल्वेच्या हद्दीत बिगर परवानगी शिरला तुम्ही. हजार रुपये दंड, न्हाईतर सहा महिने."

दुर्दैवाने हे अगदी बरोबर होते. रेल्वे अधिनियम, १९८९ च्या कलम १४७ मध्ये तशी तरतूद आहे. शेळ्या वळणाऱ्या माणसाला ते इतके नेमके कसे ठाऊक, हा प्रश्न मला त्याच वेळी पडायला हवा होता. पण तोवर फोन त्यांच्यासमोर धरून पुसापुशी सुरू झाली होती. भिंत गेली, पिंपळ गेला, भोकही गेले. स्थानक संपले तरी आबा थांबेनात.

"ही कोन?"

"मेव्हण्याची मुलगी."

"सोयरीक झाली का? जमीन किती हाये?"

पुढचे छायाचित्र विजेच्या बिलाचे होते. ते त्यांनी डोळ्यांजवळ नेऊन वाचले आणि "घरात गिरनी हाये का?" असे विचारले. त्या वेळी मला खरोखर संताप आला. बिलाची रक्कम माझी खासगी बाब आहे, आणि ती जास्त आहे.

हकिकत पटल्यामुळे की माझा पुरता कंटाळा आल्यामुळे कोण जाणे, ते मला चहाला घरी घेऊन गेले. वाटेत त्यांनी आपली तक्रार सांगितली, आणि ती माझ्या तक्रारीपेक्षा मोठी होती. पूर्वी पॅसेंजर इथे थांबत असे, भाजीची पाटी घेऊन बायका नाशिकला जात, दहा रुपयांत काम होई. करोनानंतर किमान भाडे तीस रुपये झाले आणि २०२४ मध्ये पुन्हा दहावर आले. "भाडं माघारी आलं, गाडी न्हाई थांबली," आबा म्हणाले. आता पाटी रिक्षाने फाट्यापर्यंत न्यायची आणि तिथे बसची वाट पाहायची. शहरात दर निवडणुकीला नाशिक-पुणे रेल्वेच्या नव्या आखणीची चर्चा करणाऱ्या माझ्यासारख्यांना असल्या थांब्यांची आठवण छायाचित्रे काढण्यापुरतीच होते, असे कोणी म्हटले तर मला राग येईल. पण उत्तर देता येणार नाही.

आणि मग मी त्यांचे अंगण पाहिले. कांदाचाळीच्या दाराला तिकीट खिडकीची लोखंडी जाळी होती. शेळ्यांच्या गोठ्यावर स्थानकाची कौले होती. ओट्यावर मला बसायला दिला तो फलाटावरचाच बाक होता. द्राक्षबागेच्या मांडवाचा सगळा ताण कडेच्या डांबांवर येतो, म्हणून आबांनी तिथे रुळांचे तुकडे पुरले होते आणि त्यांवर कारखान्याची उठावदार अक्षरे अजून वाचता येत होती. जे पाहायला मी उन्हात तडफडलो, ते सगळे इथे नीट वापरात होते. रेल्वेची मालमत्ता बेकायदा बाळगण्याविषयी १९६६ चा एक स्वतंत्र कायदा आहे आणि त्यात पहिल्याच गुन्ह्याला पाच वर्षांपर्यंत कैद आहे, हे मला आठवले. पण चहा त्यांचा होता आणि शेळ्या दाराशी होत्या.

पुसलेली छायाचित्रे फोनच्या कचरापेटीत काही दिवस शिल्लक राहतात, हे आबांना माहीत नव्हते, म्हणून मी मनातल्या मनात खूश होऊन चहा संपवला. त्यांच्या नातवाला मात्र ते माहीत होते. त्याने फोन मागून घेतला, कचरापेटीही रिकामी केली, आणि त्याच झटक्यात मी महिन्यापूर्वी चुकून पुसलेली आणि त्या रात्री परत आणणार होतो ती घरच्या मंगळागौरीची सगळी छायाचित्रेही गेली. हे घरी कसे सांगायचे, ते अजून ठरलेले नाही.