जिल्हा बँकेचा चेअरमन निवडताना ठेवीदाराला विचारतो कोण?

आज गावी आले. एसटी स्टँडपासून बाजारपेठेपर्यंत एकच फ्लेक्स. जिल्हा मध्यवर्ती बँकेच्या चेअरमनपदी बिनविरोध निवड झाल्याबद्दल हार्दिक अभिनंदन. खाली पन्नासेक शुभेच्छुकांचे फोटो. जेसीबीवरून गुलाल उधळला म्हणे, पोरं सांगत होती. माझं डोकं फिरलं. दुपारपासून लिहू की नको करतेय, शेवटी लिहितेच.

माझे अण्णा जिल्हा परिषदेच्या शाळेत गुरुजी होते. पगार जिल्हा बँकेतच व्हायचा, सगळ्या गुरुजींचा तसाच व्हायचा. निवृत्त झाले तेव्हा फंड आणि ग्रॅच्युइटीचे पैसे त्याच बँकेत ठेव म्हणून ठेवले. मोठ्या बँकेत ठेवा असं मी सांगितलं होतं. ते म्हणाले, "अगं, आपल्या शेतकऱ्यांची बँक आहे ती." पुढे बँक अडचणीत आली आणि ठेवीचे पैसे हप्त्याहप्त्यानं, बँकेला झेपतील तसे मिळायला लागले. आईच्या ऑपरेशनची तारीख ठरलेली, आणि अण्णा सकाळी आठपासून शाखेच्या पायरीवर. काउंटरमागचा मुलगा त्यांचाच विद्यार्थी. तो बाहेर येऊन म्हणाला, "गुरुजी, आज कॅशच आली नाही. मी तरी काय करू?" त्याचाही पगार थकला होता.

त्या मुलावर माझा राग नाही. राग आहे तो वर बसलेल्यांवर.

ही बँकांची उतरंड कोणी उभी केली ते आठवून बघा. वर राज्याची शिखर बँक, मधे जिल्हा बँक, खाली शेतकऱ्याला पीककर्ज देणारी गावची सोसायटी. १९०४ साली सहकारी पतपेढ्यांचा कायदा आला. १९११ मध्ये विठ्ठलदास ठाकरसी आणि लल्लूभाई सामळदास यांच्या पुढाकारानं मुंबईत मध्यवर्ती सहकारी बँक निघाली, तीच आजची शिखर बँक. लल्लूभाईंचे चिरंजीव वैकुंठभाई मेहता विशीत तिथे कामाला लागले आणि जवळजवळ साडेतीन दशकं त्यांनी ती बँक चालवली. चेअरमनकीच्या मिरवणुका नाहीत की फ्लेक्स नाहीत. गावोगावच्या सोसायट्यांचे हिशेब, वसुली, माणसं तयार करणं, हेच काम. पुढे १९४६ ला ते मुंबई प्रांताचे अर्थ आणि सहकार मंत्री झाले. म्हणजे बँक कशी चालते ते आधी शिकले आणि मग मंत्री झाले. आता सगळं उलटं आहे. आधी आमदारकी, मग कारखाना, मग जिल्हा बँक.

कोणी म्हणेल, ते मुंबईचे शेठ लोक होते, त्यांना कुणब्याचं काय कळणार. बरं, मान्य. पण धनंजयराव गाडगीळ? अर्थशास्त्राचा एवढा मोठा माणूस पुण्यातलं गोखले इन्स्टिट्यूट सांभाळत लोणीला जाऊन विठ्ठलराव विखे पाटलांबरोबर शेतकऱ्यांचा साखर कारखाना उभा करतो, त्याचा पहिला अध्यक्ष होतो. ग्रामीण पतपुरवठ्याची देशभर जी पाहणी झाली, तिच्या समितीतही ते होते. १९५४ च्या त्या अहवालात निघालं की शेतकरी शंभर रुपये कर्ज काढतो त्यातले जेमतेम तीन रुपये सहकाराकडून येतात, बाकी बहुतेक सावकाराकडून. सहकार हरलाय असं त्यांनी स्पष्ट लिहिलं. आणि तरीही तो जिंकलाच पाहिजे असंही लिहिलं. ही माणसं आपल्या लाडक्या चळवळीचे वाईट आकडे स्वतः छापत होती. आज एखाद्या चेअरमनला सभेत थकबाकीदार संचालकांची यादी मागून बघा. माइक बंद होतो.

शिखर बँकेचं काय झालं ते तुम्हाला माहीत आहेच. मे २०११ मध्ये रिझर्व्ह बँकेच्या आदेशानं संचालक मंडळ बरखास्त झालं आणि प्रशासक आले. वैकुंठभाईंच्या बँकेवर ही वेळ! प्रशासकांच्या काळात बँक नफ्यात आली, हे मान्य करावं लागेल. पण तेवढ्यानं मला आनंद होत नाही. सभासदांची बँक सभासदांशिवायच नीट चालते हे सिद्ध करून आपण काय मिळवलं?

जिल्हा बँकेची निवडणूक कशी होते हे शहरातल्या मित्रांना बहुतेक माहीत नसेल. सोसायटीच्या गटातून शेतकरी थेट मत देत नाही. गावची सोसायटी ठराव करते आणि एका माणसाचं नाव पाठवते. तो ठरावधारक मतदार. गावात सभासद कितीही असोत, मत एक. मग हे ठरावधारक निवडणुकीआधी गाड्या भरून सहलीला जातात, मोबाइल बंद करून कुठल्यातरी रिसॉर्टवर राहतात आणि मतदानाच्या सकाळी थेट केंद्रावर उतरतात. ठराव ज्याच्या खिशात, बँक त्याची. बिनविरोध म्हणजे सगळ्यांचं वाटप आधीच ठरलं. आणि ठेवीदार? माझ्या अण्णांसारख्या माणसाला, ज्याच्या आयुष्यभराच्या कमाईवर ही बँक उभी आहे, त्याला मतच नाही. पैसा त्याचा, जोखीम त्याची, गुलाल दुसऱ्याचा.

कर्ज बुडाल्यावर काय होतं तेही सांगते. शेतकऱ्याचं पीककर्ज थकलं की सहकार कायद्याच्या कलम १०१ खाली वसुलीचा दाखला निघतो. बँकेची जीप दारात येते, ट्रॅक्टर ओढून नेते, सातबाऱ्यावर बोजा चढतो. संचालकांनी आपल्याच कारखान्याला तारणाशिवाय कोट्यवधी वाटले तर आधी कलम ८३ खाली कारभाराची चौकशी, मग ८८ खाली नुकसानीची जबाबदारी ठरवायची चौकशी, मग स्थगिती, मग अपील. तोवर त्यांचा मुलगा संचालक झालेला असतो. कायदा एकच आहे हो, १९६० चा. एका कलमाला चाकं आहेत आणि दुसऱ्याला नाहीत.

सगळ्या जिल्हा बँका अशा नाहीत. काही फार चांगल्या चालतात, वेळेवर पीककर्ज देतात, त्यांचं नाव निघालं की मलाही बरं वाटतं. आणि हो, या बँकांशी सरकारही नीट वागलं नाही. नोटाबंदीत १४ नोव्हेंबर २०१६ ला जिल्हा बँकांना जुन्या नोटा घ्यायला बंदी केली. रब्बीच्या पेरणीचे दिवस होते. साऱ्या शेतकऱ्यांच्या बँकांना चोर ठरवलं. तेव्हा मी याच बँकेच्या बाजूनं तावातावानं भांडले होते, जुन्या मित्रांना आठवत असेल.

म्हणूनच तर जास्त लागतं. खेड्यात दुसरं कोण जातं? मार्चअखेरीला शेतकऱ्याचं नवं-जुनं, म्हणजे जुनं कर्ज फेडून नवं काढून द्यायला, त्याला नावानिशी ओळखणारा सोसायटीचा गटसचिव मोठ्या बँकेत कुठून येणार? अण्णा चिडले नाहीत कधी. शेवटपर्यंत म्हणायचे, बँक वाईट नाही, माणसं बदलली की सुधारेल. आईचं ऑपरेशन शेवटी मामाच्या उसन्या पैशावर झालं, ठेव नंतर तुकड्यातुकड्यानं हाती आली. तरी खातं त्यांनी बंद केलं नाही.

आता संचालकांच्या मुदतीवर मर्यादा आली आहे. ती आधी आठ वर्षं होती, २०२५ मध्ये दहा केली. का वाढवली? कोणी मागितली होती? दहा वर्षांनी खुर्चीवर भाऊ, सून, पुतण्या येणार हे शेंबडं पोरही सांगेल. मुदतीपेक्षा ठेवीदाराला मत द्या. संचालक मंडळात ठेवीदारांचे निवडून आलेले प्रतिनिधी असू देत, मग कारखान्याला पैसे वाटताना कोणीतरी हात धरेल.

सप्टेंबरअखेरपर्यंत तुमच्या गावच्या सोसायटीची वार्षिक सभा होईल. ज्यांच्या घरात कोणी सभासद आहे त्यांनी त्यांना पाठवा, नुसती चहा-भजी खाऊन सही करून येऊ देऊ नका. ठराव कोणाच्या नावानं गेला, कोणी सुचवलं, कोणी अनुमोदन दिलं, हे तीन प्रश्न विचारा आणि उत्तर इतिवृत्तात लिहून घ्यायला लावा. आमच्या सोसायटीत मी भावाला पाठवतेय. तारीख कळली की इथे टाकते.