बटण केशरी होतं, शपथ!

ताईच्या चित्रकलेच्या क्लासची वेबसाइट मी बांधून दिली. ‘बांधून’ म्हणजे वर्डप्रेसच्या पेज बिल्डरमध्ये बसून खोके इकडून तिकडे ओढले. मग तिची एकच मागणी उरली: वरचं ‘प्रवेश घ्या’ हे निळं बटण केशरी कर. दोन मिनिटांचं काम. केलं आणि ऐटीत कळवलं.

“निळंच आहे रे.”

“केशरी आहे, ताई.”

“चित्रकला मी शिकवते की तू?”

साइट वेगात उघडावी म्हणून मी कॅशिंग प्लगइन टाकलं होतं. ते पानाची तयार प्रत काढून ठेवतं आणि येईल त्याच्या हातात तीच टेकवतं. दर वेळी डेटाबेसला झोपेतून उठवत नाही. उत्तम सोय आहे. फक्त लॉगिन केलेल्याला ते बहुधा ही प्रत देत नाही, त्याच्यासाठी पान ताजं बनतं. त्यामुळे साइट गंडली की ते न दिसणारा जगातला एकमेव माणूस म्हणजे ती दुरुस्त करणारा. शिवाय बटण हेडरमध्ये, म्हणजे प्रत्येक पानाच्या माथ्यावरच्या पट्टीत. एखादं पान बदललं तर प्लगइन त्याची जुनी प्रत फेकतं; हेडर बदलला तर सगळीच पानं फेकायला हवीत, हे त्याला उमगतंच असं नाही.

खासगी विंडोत, म्हणजे लॉगिन नसलेल्या परक्यासारखी, साइट उघडली. बटण निळं. खाली फूटरमध्ये ‘येथे आपला मजकूर लिहा’, जे मी कधीच काढलं होतं. ताईला ते दिसत होतं. तिला वाटलं अभिप्रायाची जागा असेल.

कॅश, म्हणजे या साठवलेल्या प्रती, साफ करायला बसलो. पण कुठली? प्लगइनची एक, सर्व्हरची एक, सीडीएनची (साइटच्या प्रती ठिकठिकाणी ठेवणाऱ्या सर्व्हरच्या जाळ्याची) एक, ब्राउझरची एक. त्यातून वेग दुप्पट होईल या हिशेबाने मी दुसरं कॅशिंग प्लगइनही टाकलं होतं. एका म्यानात दोन तलवारी, आणि म्यान मीच शिवलेलं.

त्यात झाडायला सुरुवात केली बाहेरून. आधी सीडीएन. रिकामा झालेला सीडीएन भाबडेपणाने सर्व्हरकडे गेला, तिथे त्याला शिळी प्रत मिळाली आणि ती त्याने ताजी समजून जपून ठेवली. निळ्या बटणाचं मी नूतनीकरण करून दिलं होतं. मग बिल्डरमध्ये ‘सीएसएस पुन्हा तयार करा’ दाबलं. सीएसएस म्हणजे पानाचे रंग आणि मांडणी ठरवणाऱ्या फायली. जुन्या फायली गेल्या, पण साठवलेलं पान त्यांचेच पत्ते सांगत बसलं.

ताईचा फोन. “आता रंगच गेले रे. सगळं डावीकडे, एकाखाली एक. निळं तरी होतं!”

झाडू आतून बाहेर मारायचा असतो: आधी बिल्डरची सीएसएस, मग प्लगइन, सर्व्हर, सीडीएन आणि शेवटी ब्राउझर. हे कळायला मला अख्खी रात्र लागली. दुसरं प्लगइन उपटून टाकलं. बटण केशरी झालं. सगळ्यांना!

मेनूचं दुखणं किरकोळ होतं. प्लगइनमधली ‘जावास्क्रिप्ट उशिरा चालवा’ ही खूण माझीच. वाचक काही दाबेपर्यंत किंवा सरकवेपर्यंत स्क्रिप्ट (मेनू वगैरे उघडणारा कोड) झोपलेल्या, आणि फोनवरच्या त्या तीन रेघांवरची पहिली टिचकी त्यांना उठवण्यातच खर्ची पडे. ताई निमूट दोनदा दाबायची. मेनूची स्क्रिप्ट त्यातून वगळली.

खरा घोळ चौकशीच्या फॉर्मचा. भरला की म्हणे, ‘सुरक्षा तपासणी अयशस्वी’. वर्डप्रेसवर अशा फॉर्मसोबत नॉन्स नावाचा परवलीचा तुकडा जातो आणि तो फार तर 24 तास चालतो. माझी कॅश पानं 7 दिवस सांभाळत होती. म्हणजे मंगळवारी आलेला माणूस शनिवारचा पास दाखवी आणि दारातून परत जाई. मी तपासलं की मात्र फॉर्म सुळकन जाई. मी लॉगिन होतो ना! तो धडा इतक्यात दुसऱ्यांदा शिकलो, म्हणून मोजत नाही. कॅशची मुदत 10 तासांवर आणली, लॉगआउट झालो, पुन्हा पुन्हा भरून पाहिला.

दुसऱ्या दिवशी ताईचा आवाज एकदम प्रसन्न.

“अरे, चौकशा आल्या! एकदम 17!”

“बघ! म्हटलं नव्हतं?”

“सगळ्या एकाच माणसाच्या आहेत. कुणी टेस्ट टेस्ट म्हणून आहे. पत्ता ‘कखग’ लिहिलाय, पण तळमळ दिसते रे. फोन करू का त्याला?”