खुलासा : टीपीएम चिप असली म्हणजे मालवेअर शिरत नाही, हे खरं नाही

"सर्व्हरमध्ये टीपीएम चिप आहे, सिक्युअर बूट चालू आहे, म्हणजे मालवेअर शिरूच शकत नाही," असा मेसेज फिरतो आहे. तो चुकीचा आहे. महत्त्वाच्या यंत्रणा सांभाळणाऱ्यांनी कृपया त्यावर विसंबून राहू नये.

टीपीएम म्हणजे डिस्क उघडण्याच्या किल्ल्या जपणारी सुरक्षा चिप. ती व्हायरस शोधत नाही. मशीन सुरू होताना फर्मवेअर (मशीनमधला मूळ प्रोग्राम), बूटलोडर (ऑपरेटिंग सिस्टिम सुरू करणारा प्रोग्राम) वगैरेंचे हॅश, म्हणजे बोटांच्या ठशांसारखे आकडे, तिच्यात नोंदवले जातात आणि नोंदी जुळल्या तरच ती डिस्कची किल्ली सोडते. पुढे कुणी चोरलेल्या पासवर्डने लॉगिन केलं, तर चिपला त्याचा पत्ताही नसतो.

सिक्युअर बूट तपासतं ती मशीन सुरू होताना चालणाऱ्या बूटलोडरवरची डिजिटल सही. 2023 मध्ये उघड झालेल्या ब्लॅकलोटस बूटकिटने (ऑपरेटिंग सिस्टिमच्या आधीच सुरू होणाऱ्या मालवेअरने) नेमका इथेच घाव घातला. त्याने वापरलेली बूटलोडरमधली त्रुटी मायक्रोसॉफ्टने जानेवारी 2022 मध्येच दुरुस्त केली होती, पण जुन्या सदोष बूटलोडरवरची सही रद्द झालेली नव्हती. हल्लेखोर तीच जुनी फाइल सोबत घेऊन आले आणि सगळे अपडेट घातलेली विंडोज 11 ची मशीनही फसली.

चिप मदरबोर्डवर वेगळी बसवलेली असेल, तर प्रोसेसरकडे जाणारी बिटलॉकरची (विंडोजमधल्या डिस्क कुलूपबंद करणाऱ्या सोयीची) किल्ली वाटेत तारा जोडून वाचता येते. तसं करून दाखवलं गेलं आहे. बूटच्या वेळी पिन मागायला लावलं, की पिन ठाऊक नसलेल्याला ही वाट बंद होते.

म्हणून चिप बंद करू नका, चालूच ठेवा. सोबत रद्द सह्यांची यादी, म्हणजे डीबीएक्स, अपडेट करा. त्याआधी रिकव्हरीचा पेनड्राइव्ह नव्याने बनवून घ्या, कारण जुना त्यानंतर कदाचित बूटच होणार नाही.