टॉवरची पॉवर वाढवून घाटातला कॉल वाचत नाही

साताऱ्यातल्या ग्रुपांवर एक मेसेज फिरतोय. यवतेश्वरच्या घाटात कॉल तुटतो, कारण टॉवरची पॉवर मुद्दाम कमी ठेवलीय. ती वाढवायला लावा. शिवाय कंपन्या सिग्नलमध्ये जादा बिट, म्हणजे शून्य-एकचे आकडे, घुसवून आपला निम्मा डेटा खातात, तेही बंद करायला लावा. कॉल तुटतो ही तक्रार रास्तच आहे. मागण्या मात्र चुकीच्या आहेत, आणि दुसरी मान्य झाली तर आज लागतो तो कॉलही लागणार नाही.

आधी पॉवर. घाटात फोनपर्यंत एकच लहर येत नाही. एक सरळ येते, एक समोरच्या कड्यावर आपटून, एक शेजारच्या एसटीच्या पत्र्यावरून. कुठे त्या एकमेकींना जोर देतात, कुठे एकमेकींना मारतात. याला फेडिंग म्हणतात, आणि सिग्नल जिथे असा मरतो त्या जागेला मी खड्डा म्हणतो. मोबाइलच्या १८०० मेगाहर्ट्झ या फ्रिक्वेन्सीला लहरीची लांबी सुमारे १७ सेंटिमीटर, त्यामुळे चांगला सिग्नल आणि खड्डा यांच्यात काही सेंटिमीटरचंच अंतर असतं. ताशी ६० किलोमीटरच्या गाडीत सेकंदाला डझनावारी खड्डे लागतात. खोल खड्ड्यात सिग्नल सरासरीच्या शंभराव्या हिश्श्यावर येतो. पॉवर दुप्पट केली तर पन्नासाव्या. हाती काय लागलं? शिवाय शेजारच्या टॉवरच्या ग्राहकांना त्याच पॉवरचा त्रास होतो. आणि कॉल दोन्हीकडून चालतो: आपला फोरजी फोन सहसा जास्तीत जास्त ०.२ वॅटने बोलतो, त्याचं काय करणार?

आता ते बदनाम जादा बिट. जुन्या टूजी कॉलमध्ये २० मिलिसेकंदांच्या आवाजाचे २६० बिट होतात, आणि हवेत जातात ४५६. जादाचे बिट वाटेतल्या चुका दुरुस्त करण्यासाठी असतात, आणि ते जोडण्याच्या पद्धतीला कोड म्हणतात. ते सलग जात नाहीत, आठ तुकड्यांत विखरून जातात. गारपीट एका शिवारात होते. ज्याची जमीन आठ शिवारांत आहे त्याचं सगळं पीक जात नाही. खड्ड्यात एखादा तुकडा बुडाला तरी बाकीच्यांवरून फोनमधला डीकोडर, म्हणजे कोड उलगडणारा भाग, हरवलेले बिट परत काढतो.

खरी करामत पुढे आहे. टॉवर अधूनमधून आधीच ठरलेले संकेत पाठवतो. त्यांवरून फोनला कळतं की या क्षणी खड्डा किती खोल आहे. मग तो प्रत्येक बिटाला नुसतं शून्य की एक एवढंच म्हणत नाही, त्यावर किती विश्वास ठेवायचा हेही डीकोडरला सांगतो. खड्ड्यातल्या बिटाच्या साक्षीला कमी वजन मिळतं. फोरजीतला टर्बो कोड १९९३ मध्ये मांडला गेला, तो याच विश्वासाच्या आकड्यांवर चालतो. फाइव्हजीच्या डेटासाठी वापरतात तो एलडीपीसी कोड अमेरिकी अभियंता रॉबर्ट गॅलेगरने १९६०च्या दशकाच्या सुरुवातीलाच मांडला होता. तेव्हाच्या यंत्रांना तो पेलवत नव्हता म्हणून कित्येक वर्षं पडून राहिला. इतक्या मेहनतीने उभी राहिलेली गोष्ट कुणी चोरी म्हणून खपवतं, याचा मला राग येतो.

आणि पॅकमधून हे बिट कापले जात नाहीत. डेटाची मोजणी नेटवर्कच्या आत होते. कोडिंगचे बिट फक्त टॉवर आणि फोन यांच्यामधल्या हवेत असतात.

डोंगराआड, बामणोलीच्या बाजूला, सिग्नल पोचतच नाही तिथे मात्र कोणताही कोड उपयोगाचा नाही. त्या दरीकडे तोंड करून नवा टॉवर हवा. ग्रामपंचायतीच्या ठरावात दोन याद्या वेगळ्या लिहा: रेंज दिसूनही कॉल तुटतो ती वळणं, आणि रेंजच येत नाही त्या वाड्या. दुसऱ्या यादीसाठी टॉवर मागा. पहिलीसाठी अँटेनाची दिशा आणि शेजारच्या टॉवरचा अडथळा तपासून मागा.