खुलासा : 'भत्ता दिल्याशिवाय ग्रामसभेला कोणी येत नाही' हे खरं नाही

सध्या एक मेसेज फिरतोय: खेड्यातल्या लोकांना कारभारात रस नाही, जेवण किंवा भत्ता ठेवला तरच ग्रामसभा भरते. रिकाम्या सभा आहेत, हे मान्य. पण त्यामागचं कारण चुकीचं सांगितलं जातंय.

आपल्याकडे ग्रामसभेची गणपूर्ती, म्हणजे सभा भरायला लागणारी किमान हजेरी, मतदारांच्या 15 टक्के किंवा 100, यांपैकी जी संख्या कमी असेल ती. ती झाली नाही तर सभा तहकूब होते, आणि तहकूब सभेला गणपूर्ती लागतच नाही. मग आपण गेलो काय न गेलो काय, ठराव व्हायचा तो होणारच, हे लोकांना पक्कं ठाऊक असतं. मजुरी बुडवून कोण जाईल?

आता गडचिरोलीतलं मेंढा (लेखा) पाहा. हे गोंड आदिवासींचं गाव. इथे निर्णय बहुमताने नाही, सर्वसहमतीने होतो. एकाचाही विरोध असला तर विषय पुन्हा चर्चेला येतो. म्हणजे प्रत्येकाच्या हजेरीला किंमत आहे. 2009मध्ये गावाला सामूहिक वनहक्क, म्हणजे जंगलावर सगळ्या गावाचा मिळून कायदेशीर हक्क, मिळाला, तरी बांबू बाहेर नेऊन विकायला लागणारा वाहतूक परवाना देणं वनखात्याच्याच हाती होतं. गाव हटलं नाही. 27 एप्रिल 2011 रोजी तत्कालीन केंद्रीय मंत्री जयराम रमेश यांनी परवान्याचं पुस्तक ग्रामसभेच्या हाती दिलं. बांबू कधी तोडायचा, कोणाला विकायचा, हे तिथले स्त्री-पुरुष एकत्र बसून ठरवू लागले.

म्हणून हा मेसेज पुढे पाठवू नका. त्याऐवजी आपल्या ग्रामपंचायतीत मागच्या सभेच्या ठरावांचं पुढे काय झालं, ते विचारा.