घोड्यामागे अकराशे सदुसष्ट

गाडीला जास्तीची ताकद कशाला लागते, हे पुण्यात मला आतापर्यंत बायकोनं, सासऱ्यांनी, सोसायटीच्या चेअरमननी आणि इन्शुरन्सवाल्यानं विचारून झालेलं आहे. या सगळ्यांसाठी उत्तरं तयार आहेत. पण पौड रोडवरच्या पीयूसी व्हॅनसमोर रांगेत उभं असताना कुणी तेच विचारेल आणि वर तोंडी भागाकार करून दाखवेल, याची माझी तयारी नव्हती. परवाची गोष्ट. अजून डोकं ठणकतंय.

गाडीबद्दल थोडक्यात. फोक्सवॅगनची पोलो जीटी टीडीआय. दीड लिटर डिझेल, ११० पीएस म्हणजे अश्वशक्ती, २५० न्यूटन मीटर टॉर्क म्हणजे ओढ, पाच गिअर. चाकणला बनलेली. २०२० मध्ये धुराचं नवं मानक बीएस-६ आल्यावर कंपनीनं इथलं डिझेल बंद केलं आणि २०२२ मध्ये पोलोही थांबवली. म्हणजे आता नवी मिळणार नाही, आहे तीच नटवायची. मी ती नटवतोय. आधीचे टायर १८५ रुंदीचे होते, ते १९५ चे घेतले. स्प्रिंगा बसक्या घातल्या. एअर फिल्टर बदलला. आणि मुख्य म्हणजे रीमॅप. स्टिअरिंगखालच्या सॉकेटला लॅपटॉप जोडायचा आणि गाडीच्या ईसीयूमधले, म्हणजे इंजिन चालवणाऱ्या कॉम्प्युटरमधले, तक्ते बदलायचे. डिझेल किती आणि कधी फवारायचं, टर्बोनं हवा किती दाबायची, हे सगळं त्या तक्त्यांत असतं. भेसळीचं डिझेल, राजस्थानचा उन्हाळा आणि सर्व्हिसिंग टाळणारे मालक या सगळ्यांचा विचार करून कंपनीनं हात राखून ठेवलेला असतो. ट्यूनर तो हात सोडवतो. माझ्या गाडीचा ग्राफ १४० पीएस आणि ३२० न्यूटन मीटर दाखवतो. मी तो प्रिंट काढून घेतलाय. बाहेरून मात्र काहीही दिसत नाही, गाडी होती तशीच पांढरी.

रांग हलत नव्हती. पेट्रोलचं मशिन बंद होतं, डिझेलचं चालू होतं, पण सर्व्हर झोपला होता. माझ्या शेजारी ॲक्टिव्हावर एक सत्तरीचे गृहस्थ होते. अर्ध्या बाह्यांचा शर्ट, खिशाला दोन पेनं, पायाशी दळणाचा डबा. त्यांनी आधी गाडीभोवती एक फेरी मारली, मग वाकून खालून पाहिलं.

"गाडी बसलीय तुमची."

"बसवलीय, काका. मुद्दाम."

"मुद्दाम?" ते उभे राहिले. "डिझेल ना? काय ॲव्हरेज देते?"

"सावकाश चालवली तर वीसच्या आसपास. पण मी इंजिनचं रीमॅप केलंय, त्यामुळे..."

"वाढलं?"

"नाही. ताकद वाढली."

"आधीची कमी पडत होती?"

"तसं नाही."

"मग?"

हा "मग" फार वाईट असतो. रुडॉल्फ डिझेलसाहेब १९१३ साली बोटीनं इंग्लंडला निघाले आणि रात्रीत बोटीवरून नाहीसेच झाले. पुढे समुद्रात प्रेत सापडलं. आत्महत्या, खून, अपघात, बरेच तर्क झाले. माझा तर्क असा की डेकवर कुणीतरी त्यांना इंजिनाचं ॲव्हरेज विचारलं असणार आणि उत्तर ऐकून "मग?" म्हटलं असणार.

मी नेटानं समजावून सांगितलं. टर्बो, बूस्ट, टॉर्क. काकांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि खिशातलं एक पेन काढलं. "मी लोकल फंड ऑडिटला होतो," ते म्हणाले. "छत्तीस वर्षं जिल्हा परिषदा तपासल्या. आधी अश्वशक्ती किती होती?"

"एकशे दहा."

"आता?"

"एकशे चाळीस."

"तीस घोडे आले. खर्च?"

मी फक्त रीमॅपचा आकडा सांगितला, पस्तीस हजार. टायर, स्प्रिंगा, फिल्टर हे आकडे मी घरीसुद्धा सांगितलेले नाहीत.

काकांनी पेन उघडलंच नाही. आकाशाकडे पाहिलं आणि म्हणाले, "अकराशे सहासष्ट आणि वर काहीतरी. सदुसष्ट धरू. घोड्यामागे अकराशे सदुसष्ट."

"स्वस्तात पडले," मागून टेम्पोवाला म्हणाला. त्याला कुणी विचारलं होतं?

"स्वस्त आहेत," काकांनी मान्य केलं. "पण हे तीस कामावर कधी येतात? जुने एकशे दहा तर होतेच कामाला. नवी भरती काय करते? ऑफिसला कुठनं जाता?"

"कर्वे रोडनं."

"तिथं लागतात?"

"तिथं पहिले वीसच लागतात."

"एक्स्प्रेस वेला?"

"तिथं शंभरची मर्यादा आहे. वर कॅमेरे." शंभरला तर कंपनीची गाडीसुद्धा आरामात जायची, हे मी बोललो नाही. "ताम्हिणी घाटात जातो कधीतरी. पहाटे."

"म्हणजे हंगामी कर्मचारी. आणि पगार सगळा आगाऊ." त्यांनी पेन खिशाला लावलं. "आमच्याकडे याच्यावर आक्षेप निघाला असता."

टेम्पोवाला खो खो हसला. तेवढ्यात सर्व्हर उठला आणि माझा नंबर आला. पीयूसीच्या मुलानं नळी सायलेन्सरमध्ये खुपसली, स्क्रीनकडे पाहिलं आणि म्हणाला, "इंजिन थंड पडलंय, सर. गरम करून आणा, नाहीतर रीडिंग खराब येईल."

धुराची परीक्षा गरम इंजिनावरच होते, हे बरोबर आहे. तासभर रांगेत बंद उभी केल्यावर ते गरम कसं राहणार, हे मात्र कुणी सांगत नाही. मी गाडी बाहेर काढली, तर डावं दार उघडलं आणि आधी दळणाचा डबा आत आला, मग काका.

"तुम्हाला चक्कर मारायचीच आहे. पेट्रोलचं मशिन काही तासभर सुरू होत नाही. भुसारी कॉलनीत गिरणी आहे, तेवढं टाकून येऊ. घोडे रिकामेच आहेत ना?"

नाही म्हणायला मला पुणेरी घरात जन्मूनही आजवर जमलेलं नाही.

पुढचा प्रवास गतिरोधकांचा. इंडियन रोड्स काँग्रेसच्या मानकात गतिरोधक ३.७ मीटर रुंद आणि १० सेंटिमीटर उंच सांगितलाय, म्हणजे गाडीनं त्यावर हळूच चढावं आणि हळूच उतरावं. आमच्या गल्लीबोळांतले गतिरोधक जेमतेम पाऊलभर रुंद आणि उंचीला देवाच्या भरवशावर. कुणीही उठतो, डांबर ओतून घेतो. पांढरे पट्टे नाहीत, फलक नाही. यावर तक्रार केली की उत्तर येतं, "हळू चालवा." अहो, मी हळूच चालवतोय, माझी गाडी तिरकी करून दहाच्या वेगानं चढवतोय, तरी खालून खर्रर्र आवाज येतो आणि माझ्या काळजाचं पत्र्यासकट सालटं निघतं. दर खर्ररला काका "अरेरे" म्हणत होते. ते त्यांच्या कमरेसाठी म्हणत होते की माझ्या गाडीसाठी, कळायला मार्ग नाही.

"स्प्रिंगांना किती दिले?" त्यांनी विचारलं.

"आठवत नाही."

"पावती असेल ना?"

गिरणीत डबा उतरवला. आता इंजिन पुरतं गरम करायला मी चांदणी चौकाच्या दिशेनं वर घेतली. आणि चमत्कार म्हणजे चढावर समोर रस्ता मोकळा. एक पीएमपी बस डावीकडे कण्हत होती, बाकी कुणी नाही. तिसरा गिअर, इंजिनाचे फेरे दोन हजारच्या थोडे खाली. मी पाय दाबला. टर्बो जागा झाला, सीटनं पाठ धरली, बस मागे गेली. तेवढे काही क्षण तीसच्या तीस घोडे हजर होते. मी अभिमानानं काकांकडे पाहिलं.

काका काट्याकडे बघत होते. "आवाज चढला, गाडी तेवढी चढली नाही," ते म्हणाले. "माझ्या जुन्या बजाज एम-८० चं असंच व्हायचं. क्लच बघून घ्या."

खरं सांगतो, इतका राग मला पस्तीस हजार देतानाही आला नव्हता. कारण काटा मीही पाहिला होता. कंपनीचा क्लच २५० न्यूटन मीटरच्या हिशेबानं दिलेला असतो. त्याच्यावर ३२० लादले की तो कधीतरी घसरायला लागतो, हे रीमॅपवाल्या प्रत्येकाला माहीत असतं आणि प्रत्येकाला वाटतं की आपला घसरणार नाही. ते निदान व्हावं तर एम-८० चालवलेल्या ऑडिटरकडून.

"क्लचचे किती?" काका.

मी रेडिओ लावला.

परत आल्यावर परीक्षा झाली. "दाबा सर. सोडा. दाबा. अजून दाबा." मशिननं सरासरी काढली. बीएस-४ डिझेलला मर्यादा १.६२, माझी त्याच्या निम्म्याखाली. माझ्या ट्यूनरनं धूर आवरूनच फाईल बनवली होती, हे मी त्या मुलाला सांगायला गेलो, तो ओटीपी मागत होता. काकांनी माझं प्रमाणपत्र हातात घेऊन तारीख, नंबर, शिक्का तपासला आणि म्हणाले, "निधी अखर्चित आहे."

बाहेर पडताना शेजारून एक डंपर गेला. मागे काळा ढग सोडून, नंबरप्लेट चिखलानं पूर्ण लिंपलेली. त्याचीही पीयूसी असणार, वर्षभराची. कायद्यानं बघाल तर मीच गुन्हेगार. कंपनीच्या मूळ नोंदीशी न जुळणारा बदल करू नये असं कलम ५२ म्हणतं, २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानंही तेच सांगितलंय, आणि दंड दर बदलामागे पाच हजार. तोही काकांना विचारला असता तर गुणाकार करून मिळाला असता. मान्य. पण फटाके फोडणारे बुलेटचे सायलेन्सर रात्री साडेबाराला माझ्या खिडकीखालून जातात, आणि आंधळे करणारे पांढरे दिवे रोज समोरून येतात, तेव्हा हे कलम कुठल्या ताम्हिणीला गेलेलं असतं? माझी गाडी आवाज करत नाही, डोळ्यांत जात नाही, धूर सोडत नाही. मुकाट स्पीडब्रेकरवर पोट घासते.

काकांनी जाताना नंबर घेतला. क्लचचं कोटेशन आलं की कळवा, म्हणाले. उत्सुकता असते माणसाला.

संध्याकाळी सहाला फोन. "ते मशिन बंदच आहे हो. ॲक्टिव्हा तिथंच ठेवलीय. पीयूसी नसताना गाडी रस्त्यावर आणणं मला पटत नाही, दहा हजारांपर्यंत दंड आहे. सकाळी आणली ती नाइलाजानं. तर दळण झालंय असा गिरणीवाल्याचा निरोप आहे. तुमचे ते तीस आत्ता कुठं असतात?"

पार्किंगमध्येच होते.