निपाणीच्या काकूंना: पान्हा हा शब्द आपलाच की!

काकू, नमस्कार.

तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. पहिल्यांदा टोचली, खोटं कशाला बोलू. 'अंगावरचं दूध कसं तयार होतं' या माझ्या लेखावर तुमचे तीन आक्षेप आहेत. एक, असले विषय चारचौघांत मांडू नयेत. दोन, तुमच्या सुनेला सिझेरियननंतर तीन दिवस दूधच नव्हतं, 'पिवळं पाणी' तेवढं येत होतं ते पिळून टाकलं आणि डब्याचं दूध सुरू केलं, 'तेव्हा तुमचे हार्मोन कुठं गेले होते?' आणि तीन, नातवाच्या डॉक्टरांच्या मते स्तनातल्या दुधाच्या नळ्या वीस नसतात, मी चुकीचं छापलंय.

तिसऱ्यापासून सुरुवात करते, कारण तिथं तुमचे डॉक्टर बरोबर आहेत. 15 ते 20 खंड आणि प्रत्येकाची बोंडात उघडणारी स्वतंत्र नळी, हे मी कॉलेजात पाठ केलं आणि तसंच उतरवलं. पुस्तकातली ती आकृती मुळात ॲस्टली कूपर या इंग्रज सर्जनच्या 1840 सालच्या विच्छेदनावरून चालत आलेली. 2005 मध्ये ऑस्ट्रेलियात पाजणाऱ्या बायकांची सोनोग्राफी करून मोजलं, तर मुख्य नळ्या सरासरी नऊच निघाल्या. कुणाला चार, कुणाला अठरा. बोंडामागं दूध साठवणारी छोटी पिशवी दाखवतात, तीही सापडली नाही.

आकृतीपेक्षा फ्लॉवरचा गड्डा बरा. आपल्याकडं बाजारात त्याला तोटा नाही. उभा चिरून बघा: मधला दांडा, त्याला फुटलेल्या फांद्या, फांद्यांच्या टोकाला तुरे. दांडे म्हणजे दुग्धवाहिन्या, तुरे म्हणजे कूपिका. दूध तयार होतं ते त्या तुऱ्यांत, आईच्या रक्तातून घेतलेल्या मालावर. प्रत्येक कूपिकेभोवती शिंक्यासारखी आवळणाऱ्या पेशींची जाळी असते, तिचं काम पुढं येईल. या सगळ्याच्या आजूबाजूला चरबी. बाहेरून लहानमोठं दिसतं ते बहुतेक त्या चरबीमुळं, म्हणून 'हिची छाती लहान, हिला कसलं दूध' याला काही अर्थ नाही.

आता सूनबाईंचे तीन दिवस. काकू, हार्मोन कुठं गेले नव्हते. गर्भारपणाचे दिवस निम्म्यावर आले की स्तनग्रंथी तयार असतात, चीकही, म्हणजे तुमचं ते 'पिवळं पाणी', बनू लागतो. पण खरं दूध तेव्हा सुरू होत नाही, कारण वारेतून येणारं प्रोजेस्टेरॉन हे हार्मोन त्याला अडवून धरतं. बाळंतपणात वार बाहेर पडली की ते प्रोजेस्टेरॉन झरझर उतरतं. दूध बनवायला लावणारं हार्मोन, प्रोलॅक्टिन, आधीच चढलेलं असतं, त्याची वाट मोकळी होते. तरी दूध भरून यायला दोन-तीन दिवस जातातच, सिझेरियन असेल तर थोडे जास्तही. (वारेचा तुकडा आत राहिला तर दूध लांबतं, हे जुन्या सुइणींनाही ठाऊक असावं असं मला वाटतं.) म्हणजे तुम्ही ज्याला 'दूध नाही' म्हणालात, तो नेमाचा काळ होता.

आणि त्या काळासाठी निसर्गानं ठेवलेलं जे होतं, तेच पिळून टाकलं गेलं. मला याचं नेहमी नवल वाटतं. म्हैस व्याली की तिच्या चिकाचा खरवस आपण गल्लीभर वाटतो, शेजारच्या कन्नड घरातून गिण्ण आला तर वाटी चाटूनपुसून ठेवतो. आणि घरातल्या बाळंतिणीचा चीक मोरीत! तो एका वेळी चमचाभरच असतो, पण पहिल्या दिवशीच्या बाळाचं पोटही छोटंसंच. रोगाशी लढणारी द्रव्यं त्यात ठासून भरलेली.

डब्याचं पुढं काय होतं तेही सांगते. बाळ ओढतं तेव्हा मेंदूतला डोपामिनचा लगाम सैल होतो आणि मेंदूखालच्या पिट्युटरी ग्रंथीतून प्रोलॅक्टिन सुटतं. शिवाय कूपिका रिकाम्या झाल्या की भराभर भरतात, तुंबून राहिल्या की काम मंदावतं. बाळाचं पोट डब्यानं भरलं, ते झोपलं, ओढणं कमी झालं, दूध कमी झालं. मग चौथ्या आठवड्यात सगळे म्हणतात, 'बघा, हिला मुळातच कमी होतं.' काही बायकांना खरंच कमी येतं, थायरॉईड असतो, बाळंतपणात फार रक्त गेलेलं असतं. बाळाचं वजन घसरत असेल, लघवी कमी होत असेल, तर डॉक्टर वरचं दूध सांगतील आणि ते द्यायलाच हवं. पण तो निर्णय बघायला आलेल्या पाहुण्यांचा नव्हे.

पाहुण्यांवरून आठवलं. खानापूरकडच्या आमच्या आजीची म्हैस तिच्याशिवाय कुणाला धार देत नसे. आजी सडांना कोमट पाणी लावायची, पाठीवर थाप मारायची, रेडकू दोन घोट ओढायचं, आणि सड टणक व्हायचे. नवखं माणूस बसलं की पान्हा चोरायची. हेच ते ऑक्सिटोसिन नावाचं हार्मोन. शिंक्याची जाळी आवळून दूध नळ्यांत ढकलणारं. बाळाच्या नुसत्या रडण्यानंही ते सुटतं, पदर भिजतो. भीती, दुखणं, लाज यांनी अडतं. सिझेरियनचे टाके दुखतायत, खोलीत आठ माणसं आणि प्रत्येकाच्या तोंडी 'आलं का दूध?' म्हशीनंसुद्धा पान्हा चोरला असता की.

म्हणून तुमचा पहिला आक्षेप मला पटत नाही. पान्हा, चीक, वार हे शब्द आपल्या आज्यांनी गोठ्यात आणि ओसरीवर मोकळेपणानं वापरले. आम्हीच सभ्य झालो. मी शाळेत विज्ञान शिकवते. मागं सहावीतली एक मुलगी आठवडाभर दप्तर छातीशी धरून बसायची. एका बाजूला दुखरी गाठ लागली होती, तिला वाटलं कॅन्सर. ती वयात येताना फुटणारी स्तनाची कळी होती. इस्ट्रोजेन हे हार्मोन वाढायला लागलं की नळ्या लांबू लागतात, आणि पुष्कळदा एकच बाजू आधी सुरू होते. आईला विचारायची सोय नव्हती, दवाखान्यातला फलक कन्नडमध्ये, त्यावरचं 'एदेहालु' (अंगावरचं दूध) तिला वाचता येत नव्हतं. तिला मी मराठीत वाचायला कुठं धाडायचं?

डिंकाचे लाडू, आळिवाची खीर, गोकाकचं करदंट यांबद्दल तुम्ही शेवटी लिहिलंय. खुशाल द्या. पाजणाऱ्या बाईला रोज 500-600 कॅलरी जास्त लागतात, आळिवात लोहही चांगलं. पण खीर प्रोलॅक्टिन चढवत नाही, ते काम बाळाचं. दिवसरात्र मिळून आठ ते बारा वेळा.

धाकट्या सुनेला सातवा लागलाय असं तुम्ही लिहिलंत. या खेपेला पहिल्या तासातच बाळ छातीशी द्या, आणि दाराशी तुम्हीच बसा, तुमच्यापुढून कोण आत जातंय बघू! लेखातली नळ्यांची आकृती काढून टाकलीय. तिथं फ्लॉवरचा फोटो लावते, उद्या बाजारातून आणला की.